उषाला घडवणारे नंबियार सर

पी. टी. उषा हे नाव आपल्या घरात आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तिला घडवणाऱ्या सरांचं नाव मात्र फार थोड्या जणींना ठाऊक असतं. आज आपण त्यांची आठवण काढू या.

ओ. एम. नंबियार मूळचे केरळचे. हवाई दलात 15 वर्षं नोकरी केल्यावर त्यांनी पतियाळाला प्रशिक्षकाचं शिक्षण घेतलं. 1976 साली केरळ सरकारनं कण्णूरला मुलींसाठी क्रीडा प्रशिक्षण सुरू केलं. तिथल्या 40 मुलींत 12 वर्षांची, अंगानं किडकिडीत उषा होती. तिचं झपझप चालणं सरांच्या नजरेत भरलं.

प्रशिक्षक म्हणजे शिट्टी वाजवणारा माणूस, असं आपल्याला वाटतं. पण उषाची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत बघा. वाटेत 10 अडथळे, प्रत्येक अडीच फूट उंच. दोन अडथळ्यांमध्ये 35 मीटर अंतर. तेवढ्यात पावलं मोजून पडावी लागतात. एक पाऊल चुकलं की अडथळ्यापाशी वेग कमी होतो. पळणाऱ्या मुलीला स्वतःची चूक दिसत नाही. बाजूला उभं राहून पावलं बघणारं, वेळ टिपणारं माणूस लागतं, आणि तेही रोज. मैदानाची सोय नव्हती तेव्हा पय्योलीच्या समुद्रकिनारी वाळूतसुद्धा सराव झाला.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उषा चौथी आली. सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकलं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! पण सराव थांबला नाही. 1985 मध्ये जकार्ताला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं 5 सुवर्णपदकं जिंकली, तर 1986 मध्ये सोलच्या आशियाई खेळांत 4. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत नंबियार सर होते. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

आता आपल्या गावाकडे बघू. सातवी-आठवीपर्यंत कबड्डी, खो-खो खेळणारी मुलगी पुढं मैदानावर दिसत नाही. पाळी सुरू झाली, संध्याकाळी उशीर होतो, लोक काय म्हणतील, अशी कारणं निघतात. खेळाच्या बाई किंवा सर घरी येऊन विनवतात आणि आपण दारातूनच नाही म्हणतो.

इथं बचत गट पुष्कळ करू शकतो. सराव असेल त्या संध्याकाळी आळीपाळीनं एकीनं मुलींना सोबत करावी. मुठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा त्यांच्या हाती द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत आपली बाई असेल, तर तिनं मुलींच्या स्वच्छतागृहाचा आणि खेळाच्या तासाचा विषय काढावा. आणि पुढच्या बैठकीला आपल्या शाळेच्या खेळाच्या शिक्षकांना बोलवा. मुलींसाठी त्यांना काय हवंय, ते विचारा.

प्रत्येक मुलगी उषा होणार नाही. पण पळायचं की नाही, हे तिचं तिला ठरवता यावं, एवढी सोबत तर आपण देऊ शकतो.