हाक कोणाची, हे कळेपर्यंत

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात अँकरेजहून जूनोकडे निघालेलं एक सेसना ३१० विमान बेपत्ता झालं. त्यात अमेरिकी प्रतिनिधीगृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज होते. ३९ दिवस शोध चालला, हाती काहीच लागलं नाही. अपघात झाल्यावर आपोआप संदेश पाठवणारं यंत्र, म्हणजे ईएलटी, विमानांना सक्तीचं करणारा कायदा तिथे १९७० सालीच झाला होता. अंमलबजावणी व्हायची होती.

पहिल्या पिढीच्या ईएलटीमधून १२१.५ मेगाहर्ट्झवर सायरनसारखा सूर निघे. कुणीतरी अडचणीत आहे, एवढंच त्यातून कळे. विमान कोणतं, कोणाचं, याचा पत्ता नसे. जरा जोरात टेकलेलं विमान किंवा हँगरमधली दुरुस्तीही तो सुरू करी. बहुसंख्य इशारे खोटे निघत आणि ‘लांडगा आला रे’ची गत होई.

अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ शीतयुद्ध बाजूला ठेवून हे इशारे उपग्रहांवरून ऐकणाऱ्या कॉस्पास-सारसॅट योजनेसाठी एकत्र आले. पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी सुटला. सप्टेंबरमध्येच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या छोट्या विमानातल्या तिघांचा त्यामुळे ठाव लागला. पण विमानाची ओळख पटायला ४०६ मेगाहर्ट्झचे ईएलटी यावे लागले. दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा डिजिटल संदेश, आणि त्यात १५ अक्षरांकांचा कोड. आधी देशाचा क्रमांक, भारताचा ४१९. पुढे विमानाचा २४ बिटांचा पत्ता, नोंदणीचिन्ह किंवा यंत्राचा अनुक्रमांक, यांपैकी त्या देशाने मान्य केलेलं काहीतरी.

इथून विमानदुरुस्तीच्या कार्यशाळेची जबाबदारी वाढली. दुरुस्तीला गेलेल्या ईएलटीच्या पेटीच्या जागी दुसरी बसवली आणि कोड तसाच राहिला, तर ती दुसऱ्याच विमानाच्या नावाने ओरडणार. म्हणून काही कंपन्यांनी कोड साठवणारा डाँगल विमानाच्या वायरिंगलाच जोडला. नवी पेटी ओळख तिथून उचलते. स्वचाचणीतला संदेश मुद्दाम वेगळ्या खुणेने सुरू होतो, त्यामुळे उपग्रह तो सोडून देतात. तंत्रज्ञ मात्र टेस्टरवर कोड वाचून कागदपत्रांशी ताडून बघतो.

१ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं थांबवलं. आता तो सूर जवळ पोचलेल्या शोधपथकाला वाट दाखवण्यापुरता उरला आहे. भारतात इशारे बंगळुरूच्या इस्रो केंद्रात येतात आणि तिथून मुंबईसारख्या बचाव समन्वय केंद्रांकडे जातात. स्थान कळण्याआधीचा पहिला इशारा कोडमधल्या देशाकडेच जातो. म्हणून विमान परदेशी विकलं गेलं आणि कोड जुनाच राहिला, तर तो इशारा भलत्याच देशात पोचतो. कोड बरोबर, पण ईएलटीच्या नोंदणीतला मालकाचा फोन जुना, तरीही अडचणच: ‘विमान उडालंय की हँगरमध्येच आहे?’ हे एका फोनवर कळलं असतं, त्यासाठी शोधाशोध करावी लागते.

२०१४ साली बेपत्ता झालेल्या एमएच३७० विमानाच्या ईएलटीचा एकही संदेश मिळाला नाही. त्यानंतर विमान हवेत असतानाच संकट ओळखून सुरू होणाऱ्या ईएलटीला जोर आला. नव्या पिढीचा कोड २३ अक्षरांकांचा आहे. पण तो कितीही लांबला तरी त्यामागची नोंद माणसानेच अद्ययावत ठेवायची असते. पन्नास वर्षांत यंत्र नाव सांगायला शिकलं. ते नाव खरं असण्याची हमी अजून कार्यशाळेच्या सहीवर आणि मालकाने भरलेल्या अर्जावरच आहे.