‘मेड इन’ कुठे? त्याआधी विचारा, तपासलं कुणी?

‘ओरिजिनल जपानी आहे, की चायना माल?’ पक्षीनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण घेताना हा प्रश्न हमखास येतो. पॉकेटमनी साठवून पाच-सात हजार घालायचे, म्हणजे शंका येणारच. पण देशाच्या नावावरून क्वालिटी खरंच कळते का?

जरा मागे जाऊ. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव टाकायला लावलं. ‘मेड इन जर्मनी’ वाचून लोकांनी तो स्वस्त माल टाळावा, हा हेतू. झालं उलटंच! येना शहरात कार्ल झाइसच्या कारखान्यात अर्न्स्ट आबे यांनी लेन्स अंदाजाने नाही, तर गणिताने बनवायची पद्धत आणली होती. काचेसाठी ऑटो शॉट सोबतीला होते. हळूहळू तोच शिक्का मानाचा झाला.

पुढची पाळी जपानची. महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे ‘स्वस्त नक्कल’ असा समज होता. १९५० मध्ये अमेरिकी फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन यांनी कोरियन युद्धात निकॉनच्या लेन्स वापरल्या आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. जपानने निर्यातीआधी तपासणी सुरू केली. त्या काळच्या कॅमेऱ्यांवर ‘पास्ड’ लिहिलेला छोटा सोनेरी स्टिकर आजही सेकंडहँड बाजारात दिसतो. म्हणजे नाव कमावलं ते तपासणीने.

आज तर ब्रँड एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे. झाइसच्या झेडएम मालिकेतल्या बहुतेक लेन्स जपानची कोसिना कंपनी बनवते. २०११ मध्ये थायलंडच्या अयुथयात पूर आला आणि निकॉनचा कारखाना पाण्याखाली गेला, तेव्हा बऱ्याच जणांना कळलं की आपला ‘जपानी’ डीएसएलआर थाई आहे!

मग देशाला काहीच अर्थ नाही? आहे, पण थोडा. कुशल कारागीर आणि सुटे भाग पुरवणारे एका गावात जमले की काम सुधारतं. आपल्या कॉलेजांच्या लॅबमधले कितीतरी मायक्रोस्कोप हरियाणातल्या अंबाल्यात बनतात. पण तिथेही सगळे सारखे नसतात. चांगल्या टेलिस्कोपच्या आरशात चूक चालते ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. ती किती काटेकोरपणे मोजायची आणि किती नग रिजेक्ट करायचे, हे ऑर्डर देणारी कंपनी ठरवते. किंमतही तिथेच ठरते.

म्हणून दुकानात स्टिकरआधी दुर्बीण बघा:

• हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा. डोळ्याच्या बाजूला दिसणारा उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा कापल्यासारख्या दिसल्या, तर प्रिझममध्ये काटकसर झालीय.
• पुढच्या काचेत ट्यूबलाइट बघा. प्रतिबिंब फिकट हिरवं-जांभळं असेल तर बरं. लख्ख पांढरं दिसलं, तर कोटिंग कमी आहे.
• लांबचा खांब पाच मिनिटं बघा. दोन-दोन दिसला किंवा डोकं जड झालं, तर दोन्ही नळ्या जुळलेल्या नाहीत. ती दुर्बीण कुठल्याही देशाची असो, परत ठेवा.

आणि हो, ‘जपानी आहे’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर याच तीन गोष्टी त्याच्यासमोर करून बघा.