बिघडलेला पियानो, रंगलेली मैफल

तंबोरे जुळल्याशिवाय आपल्याकडे गवई तोंड उघडत नाही. मग कीथ जॅरेट या अमेरिकन पियानोवादकाने तरी काय करावे? २४ जानेवारी १९७५. जर्मनीतील कोलोनचे ऑपेरागृह. त्याची एकट्याची जाझ मैफल. साथीला कुणी नाही, पुढ्यात स्वरलिपी नाही, सुचेल ते तिथल्या तिथे वाजवायचे. आणि रंगमंचावर भलताच पियानो! मागितला होता भव्य. आला सरावाचा, लहानखुरा. वरचे सूर किरटे, खर्ज दुबळा, पेडल नादुरुस्त. त्यात स्वारीची पाठ दुखत होती. "वाजवणार नाही," असे त्याने सांगून टाकले.

तिकिटे तर चौदाशेंच्या घरात खपलेली! मैफल भरवणारी व्हेरा ब्रांडेस अवघी १८ वर्षांची पोर. तिने गळ घातली, तेव्हा कुठे जॅरेट राजी झाला. संध्याकाळचा ऑपेरा आटोपल्यावर, रात्री साडेअकराच्या सुमारास तो वाजवायला बसला.

किरटे सूर टाळून तो बहुधा मधल्या पट्ट्यांतच रमला. खर्जाची उणीव डाव्या हाताने भरून काढली. एकच ठेका पुन्हापुन्हा घोळवून. पहिल्या २६ मिनिटांतली जवळजवळ १२ मिनिटे दोनच स्वरमेळांवर! कागदावर हे रूक्ष वाटेल. पण एका ख्यालावर तास काढणाऱ्या आपल्या श्रोत्यांना त्यातली गोडी काय सांगावी? मधूनच तो स्वतः हुंकारतो, तेही ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते. त्याच वर्षी निघालेली ती ध्वनिमुद्रिका पुढे लाखांनी खपली.

जॅरेटला २०१८ मध्ये पक्षाघाताचे दोन झटके आले. त्यानंतर त्याचा डावा हात पियानोवर पूर्वीसारखा चाललेला नाही.