हा गोंगाट आपल्याच घरचा!

भिलाईच्या हुडको वसाहतीतलं एखादं घर. वडील पोलाद कारखान्याच्या खणखणाटातून दमूनभागून परततात, तर घरात दुसरा कारखाना सुरू! बंद दाराआड गिटारचे घणाघात अन् त्यावर कुणाचं तरी घसा फोडून ओरडणं... आई वैतागून म्हणते, ‘‘याला काय गाणं म्हणायचं?’’

याला म्हणतात मेटलकोर. हेवी मेटलचं वजन आणि हार्डकोर पंकचा वेग यांचं हे मिश्रण. गिटारच्या तारा सैल करून सूर खाली उतरवायचा, गाणं सुसाट पळवायचं आणि मध्येच लय एकदम संथ, जड करायची. या जागेला ‘ब्रेकडाऊन’ म्हणतात. श्रोते उसळतात ते इथेच!

हा परदेशी प्रकार मुंबईत रुजवणाऱ्यांपैकी एक बँड म्हणजे ‘स्क्राइब’. २००५ मध्ये तो जमला. गायक विश्वेश कृष्णमूर्ती, गिटारवर अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शाह, बेस गिटारवर श्रीनिवास सुंदरराजन, तर ड्रमवर वीरेंद्र कैथ. २००८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘कन्फेक्ट’.

काळ काही सोपा नव्हता. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात गाजला. पण परिसर शांतता क्षेत्रात मोडतो म्हणून तिथले कार्यक्रम थांबले. रॉकवाल्यांचं हक्काचं अंगणच गेलं! बाजारात राज्य हिंदी चित्रपटसंगीताचं. परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळायच्या. अशा वेळी सबंध अल्बम स्वतःच्या गाण्यांचा काढणं म्हणजे जोखीमच.

ती जोखीम फळली. आपलं काही ऐकवता येतं हा विश्वास आला आणि पुढच्या अल्बममध्ये तो थेट नावांतच उतरला. २०१० चा ‘मार्क ऑफ तेजा’ म्हणजे ‘अंदाज अपना अपना’मधल्या परेश रावलच्या तेजाला सलाम. त्यात एक गाणं चक्क पावभाजीवरच्या प्रेमाचं! २०१४ चा ‘हेल मोगॅम्बो’ अर्थातच ‘मिस्टर इंडिया’तल्या अमरीश पुरींना स्मरून. परदेशी मेटलमध्ये सैतान आणि कवट्यांचा सुळसुळाट. इथे मात्र हिंदी सिनेमाचे खलनायक. राग खराच, पण त्याला मुंबईच्या टवाळीची फोडणी.

आणि पोरं वाया जातात म्हणावं, तर बेस वाजवणाऱ्या श्रीनिवासने २०१० मध्ये ‘द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट’ हा पूर्ण लांबीचा चित्रपटही दिग्दर्शित केला.

राहिला प्रश्न घशाचा. ही काळजी रास्त आहे. नुसतं ताणून ओरडलं तर स्वरतंतूंना इजा होते. म्हणूनच जाणकार गायक पोटातून श्वासाचा आधार घेतात, रियाज करतात. होय, रियाजच!

तेव्हा पुढच्या वेळी दार ठोठावाल, तेव्हा ‘बंद कर’ म्हणण्याआधी एकदा विचारून बघा, ‘‘काय रे, कुणाचं गाणं हे?’’ आवाज कदाचित आपोआप कमी होईल.