प्रौढ वयात गोरमाटी शिकताना

मोठ्या वयात नवी भाषा येत नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यातून ती भाषा शाळेत शिकविली जात नसेल व तिची पाठ्यपुस्तके सहज मिळत नसतील, तर प्रयत्नच सोडून दिला जातो. वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न रोजच्या व्यवहारातील आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून रामनवमीला मोठी यात्रा भरते. परिसरातील तांड्यांची घरची बोली गोरमाटी. तेथे जाणारे शिक्षक, परिचारिका, धर्मभगिनी मराठीत विचारतात आणि त्यांना उत्तरही मराठीतच मिळते. परंतु आजारी वृद्धेला आपले दुखणे नेमके सांगता येते ते गोरमाटीतच, आणि पहिलीतील मूल विचार करते तेही त्याच भाषेत.

2011 च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ ही मातृभाषा सांगणारे 32 लाखांहून अधिक होते. मात्र त्यांची गणना हिंदी या शीर्षकाखाली झाली. या भाषेला स्वतःची प्रचलित लिपी नाही; महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत, तर कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते.

मराठी माणसाला गोरमाटी सोपी वाटते व तेथेच त्याची फसगत होते. ही भाषा राजस्थानीला जवळची आहे. ‘आहे’ या अर्थी ‘छ’, ‘माझा-तुझा’ऐवजी ‘मारो-तारो’, ‘घोडा’ऐवजी ‘घोडो’. मराठीतील नपुंसकलिंग तिच्यात नाही. निम्मे शब्द ओळखीचे असल्याने उरलेल्यांचा अर्थ आपण अंदाजाने लावतो आणि अंदाज चुकला तरी ते ध्यानात येत नाही.

मग शिकावे कसे? मुलाला दिवसभर ऐकायला मिळते. प्रौढाजवळ तेवढा वेळ नसतो. परंतु नियम ओळखण्याची व टिपून ठेवण्याची शक्ती त्याच्याकडे अधिक असते. तिचा उपयोग करावा. बोलणाऱ्याला व्याकरण विचारू नये. तो भाषा जाणतो, तिचे नियम त्याला सांगता येतीलच असे नाही. त्याऐवजी प्रसंग सांगावा : ‘ताप आला, तर घरात काय म्हणाल?’ मिळालेले पूर्ण वाक्य वहीत लिहावे, परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने न पाहता आठवावे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फळ देतात.

आपल्या परंपरेत याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले, तेव्हा ते सुमारे तीस वर्षांचे होते. साष्टीतील लोकांमध्ये राहून ते कोकणी व मराठी शिकले. 1616 साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात सुमारे 11 हजार मराठी ओव्या आहेत. त्यांचे कोकणी व्याकरण तर त्यांच्या निधनानंतर, 1640 साली प्रसिद्ध झाले. आगमन आणि पुराणाचे मुद्रण यांत 37 वर्षांचे अंतर आहे, हे विसरू नये.

प्रौढाची मोठी अडचण स्मरणशक्ती नसून संकोच ही असते. चुकलो तर लोक हसतील, ही भीती त्याला गप्प बसविते. तांड्यावर हसणे होईलही. पण हसता हसताच चूक सुधारूनही मिळेल. भाषा शिकणारा काही काळ विद्यार्थी होतो आणि ज्यांना तो शिकवायला किंवा बरे करायला गेला, ते त्याचे गुरू होतात. परस्परांतील आदर तेथूनच वाढीस लागतो.