अ‍ॅप कुणाचं, पैसा कुणाकडे?
पतसंस्थांत ठेवी अडकण्याचा चटका जळगावकरांनी सोसलाय. म्हणून अ‍ॅपची तुलना करताना आपण आधी विचारू: पैसा राहतो कुठे?

बँकेचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर प्रश्न सरळ आहे. ज्युपिटरसारखं अ‍ॅप मात्र स्वतः बँक नाही; बचत खातं फेडरल बँकेत असतं. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर २ लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, ती कर्जही देत नाही. पण इंडिया पोस्टची अशी बँक धुळ्याकडच्या खेड्यातही पोस्टमनसोबत दारात येते.

बँकेतल्या ठेवीला व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेची ठेव त्यात येत नाही. तेव्हा कॅशबॅक नंतर बघू, आधी बारीक अक्षरातलं बँकेचं नाव शोधू.