विस्मयाच्या दोन जाती

१९८० साली उजनी धरण पुरे झाले. भीमेचे पाणी तुंबले आणि इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव बुडाले. पाणी फार उतरले की तिथले पळसनाथाचे दगडी देऊळ वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यातही आले. बारामती-इंदापूरकडची माणसे पाहायला लोटतात आणि हात आपोआप जुळतात.

या जुळण्यात आश्चर्याबरोबर धाक असतो. अफाट गोष्टीपुढे स्वतः क्षुद्र वाटणे, हा त्याचा गाभा. पंडित त्यालाच उदात्त म्हणतात. पण क्षुद्रपण ज्यांना जन्माबरोबरच चिकटवले, त्यांनी ते पवित्र का मानावे? कळस लांबून पाहायचा, पायरी चढायची नाही; आमच्या आज्या-पणज्यांचा विस्मय असा अंतर राखून घडवलेला होता. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तो या अंतराविरुद्ध.

दुसरा विस्मय याच जलाशयावर, भिगवणला भेटतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. ते गुलाबी का? शेवाळातले आणि पाण्यातल्या बारीक जिवांमधले रंगद्रव्य खाण्यातून त्यांच्या पिसांत उतरते. पिल्ले तर करडीच असतात. हे सांगितल्यावर माझे विद्यार्थी अधिकच टक लावून पाहतात. कारण कळल्याने नवल आटत नाही.

देवळाकडेही असेच पाहता येते. हे दगड कोणी वाहिले, कोणी घडवले? गाव बुडाले तेव्हा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला काय मिळाले, आणि ज्याचे नाव कुठेच नव्हते त्याला काय?